शेताचं नाव आणि आरमाराचा नंबर : वेल्समधल्या एका घराचा माग

विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की वेल्समधलं शेतकरी कुटुंब आणि आरमारात गेलेला त्यांचा मुलगा, हे मध्येच कुठून काढलंत? कारण साधं आहे. घराण्याचा माग काढायचा म्हटलं की आपण आडनावापासून सुरुवात करतो. वेल्स हा असा मुलूख आहे की तिथे आडनाव हातात असूनही माणूस हातात येत नाही. आणि आरमार ही अशी जागा, की तिथे गेलेल्या माणसाचं घर पुसलं जातं, राहतो फक्त एक नंबर. या दोन्हींच्या मध्ये एक मुलगा हरवलाय. तो बुडून मेला हे सरकारी कागदावर आहे, पण तो कोणाचा, हे कागद सरळ सांगत नाहीत. ते कसं शोधायचं, एवढंच आज बघू.

आधी नावांचं बघू. जुन्या वेल्समध्ये आडनाव नव्हतंच. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, तसं तिथे 'आप' किंवा 'आब' लावून बापाचं नाव जोडायचे. आप म्हणजे मुलगा. मुलीला 'वेर्ख'. म्हणजे दर पिढीला शेवटचं नाव बदलणार. इंग्रजी कायदा आणि इंग्रजी कारकून आले आणि ही नावं गोठायला लागली. आप ऱ्हिसचा प्राइस झाला, आप हावेलचा पॉवेल, आब ओवेनचा बोवेन, आप हॅरीचा पॅरी. उरलेल्यांनी बापाचं नावच आडनाव केलं. जॉनचा मुलगा जोन्स, डेव्हिडचा डेव्हिस, शिवाय इव्हान्स, विल्यम्स, थॉमस. जमीनदार घरांत हे सोळाव्या शतकात सुरू झालं. डोंगराळ खेड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुनी पद्धत रेंगाळली. त्यामुळे १८०० च्या आसपास बाप इव्हान जॉन आणि मुलगा जॉन इव्हान असं दिसलं तर चूक समजू नका, ते एकच घर आहे.

परिणाम काय, तर मूठभर आडनावं आणि मूठभर पाळण्यातली नावं. एका पॅरिशमध्ये पाच-सहा जॉन इव्हान्स सहज. (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली गावं. 'गाव' म्हटलं तर आपल्या डोळ्यांसमोर एकत्र वस्ती येते. तिथे घरं सुटी सुटी, आपापल्या शेतावर.) मग शेजारीपाजारी एकमेकांना ओळखायचे कसे? शेताच्या नावानं. प्रत्येक शेताला नाव. हेंद्रे म्हणजे थंडीतलं मूळ घर, हाव्होद म्हणजे उन्हाळ्यात गुरं वर नेऊन राहायची जागा, तिद्दिन म्हणजे छोटी शेती, ब्रिन टेकडी, पान्त खोलगट जागा. माणूस त्या नावानं ओळखला जाई आणि शेत सोडलं की नवीन शेताचं नाव चिकटे. तेव्हा आमचं पहिलं सांगणं हे: वेल्समध्ये आडनावाचा माग काढू नका, शेताचा काढा. माणसं त्याच्या मागून येतात.

शेताची कागदपत्रं कोणती? सगळ्यांत हाताशी असलेली म्हणजे टाइदचे नकाशे. टाइद हा चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग. १८३६ च्या कायद्यानं तो धान्याऐवजी पैशात बदलला, आणि त्यासाठी पॅरिशवार नकाशे निघाले. कुठलं शेत, मालक कोण, कसणारा कोण, त्यातल्या प्रत्येक तुकड्याचं नाव आणि क्षेत्र. वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय अॅबरिस्टविथला आहे. त्यांनी हे सगळे नकाशे आणि नोंदी मोफत खुल्या केल्यात, तीन लाखांहून जास्त नोंदी आहेत. आपल्या सात-बाऱ्याची सवय असलेल्या माणसाला तिथे फार परकं वाटणार नाही.

आता 'मालक कोण आणि कसणारा कोण' हे दोन रकाने नीट बघा, कारण आमच्या मुलाची गोष्ट तिथूनच सुरू होते. बहुतेक शेतकरी कुळं होती. मालक म्हणजे मोठी इस्टेट. जुन्या भाडेपट्ट्यांत एक गमतीशीर प्रकार आहे, तीन जिवांचा पट्टा. पट्ट्यात तीन माणसांची नावं घालायची, बहुधा शेतकरी, त्याची बायको आणि एक मूल, आणि त्यातलं शेवटचं माणूस मरेपर्यंत पट्टा चालू. माग काढणाऱ्याला हे घबाडच आहे, एका कागदात आख्खं घर मिळतं. पुढे एकोणिसाव्या शतकात वर्षावर्षाच्या बोलीवर शेत देण्याची पद्धत वाढली. पण पट्टा कुठलाही असो, शेत मिळणार एका मुलाला. बाकीच्यांनी काय करायचं? कोणी दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहायचा, कोणी दक्षिणेकडच्या कोळशाच्या खाणीत, कोणी लिव्हरपूलला. कार्डिगनशायरची कितीतरी कुटुंबं लंडनमध्ये दुधाचा धंदा करत होती. आणि कोणी समुद्रावर.

शेतकरी आणि समुद्र हे विसंगत वाटतं, पण वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर तसं नव्हतं. ब्रिटिश कायद्यात जहाजाची मालकी चौसष्ट हिश्श्यांत विभागलेली असे, आणि किनाऱ्यावरच्या छोट्या गलबतांचे एक-दोन हिस्से शेतकऱ्यानं, कापडवाल्यानं घेतलेले सापडतात. घरात एक भाऊ नांगरावर, एक शिडावर. आरमाराचं मात्र वेगळं. तिथे इंग्रजीतून हुकूम, बारा वर्षांचा करार, आणि घरापासून पूर्ण तुटणं.

जनगणनेबद्दल आता फक्त कामापुरतं. दर दहा वर्षांनी होणाऱ्या गणनेची कुटुंबवार पत्रकं १८४१ पासूनची बघायला मिळतात. वेल्समध्ये १८९१ पासून भाषा विचारली गेली. १९११ चं पत्रक सगळ्यांत मोलाचं, कारण घरच्या माणसानं स्वतः भरलेला कागद जपलेला आहे, आणि तो वेल्श भाषेतही भरता येत असे. तेव्हा 'माब' म्हणजे मुलगा, 'मेर्ख' मुलगी, 'ग्वास' गडी, एवढे शब्द पाठ करा. त्या वर्षी विवाहित बाईसाठी रकाने होते: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती जिवंत, किती गेली. आठ झाली, सहा जिवंत, घरात तीन, म्हणजे तीन बाहेर आहेत. त्यातला एक कदाचित आपला. त्याच वर्षी परदेशातल्या बंदरांत असलेल्या आरमारी जहाजांवरही गणना झाली, तेव्हा तो जहाजाच्या यादीत मिळू शकतो. १९२१ ची गणना २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची आगीत गेली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही.

आता दुसरं टोक, आरमार.

ब्रिटिश आरमारातल्या साध्या खलाशांची नोंदवही लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. प्रत्येकाचं एकेक पान. नाव, अधिकृत नंबर, जन्मतारीख, जन्मस्थळ, काही वेळा आधीचा धंदा, उंची, छाती, केस, डोळे, रंग, अंगावरच्या खुणा. मग जहाजांची यादी तारखांसह, आणि दर वर्षाअखेर वर्तणुकीचा शेरा. १९०८ पासून नंबराच्या आधी अक्षर येतं: खलाशी असेल तर जे, बॉयलरवरचा स्टोकर असेल तर के, स्वयंपाकी आणि वाढपी एल, बाकी कारागीर एम. शेतावरच्या गड्याला दोन वाटा होत्या. सोळाच्या आत-बाहेर असताना 'बॉय' म्हणून, आईबापाच्या संमतीनं. नाहीतर अठरा पुरी झाल्यावर धट्टाकट्टा स्टोकर म्हणून. आमचा सल्ला असा की जन्मतारखेवर फार विश्वास ठेवू नका. घाईत असलेली पोरं एखादं वर्ष इकडेतिकडे करत.

पानाच्या शेवटी, जहाजांच्या यादीत, सेवा का संपली याचा रकाना आहे. पळून गेला असेल तर एकच अक्षर, 'आर'. मेला असेल तर दोन: डी.डी. म्हणजे 'डिसचार्ज्ड डेड'. मरण पावल्यामुळे कामावरून कमी केला. आम्ही ही पानं बरीच चाळली आहेत, पण या दोन अक्षरांशी डोळा अजूनही अडखळतो. कारकुनाच्या दृष्टीनं तो फक्त हिशेबाचा शेरा आहे, पगार इथे थांबवा.

आता एक उदाहरण घेऊ. उदाहरण आमचं आहे, माणूस खरा नाही, पण अडचण शंभर टक्के खरी आहे. समजा, नोंदवहीत जॉन इव्हान्स सापडला. जन्म १८९३, जन्मस्थळ 'ल्लानविहांगेल, कार्डिगन'. शेवटचं जहाज डिफेन्स, आणि ३१ मे १९१६, डी.डी.

जहाजाबद्दल आपल्याला पक्कं माहीत आहे. एचएमएस डिफेन्स ही चिलखती क्रूझर वेल्समध्येच बांधलेली, पेम्ब्रोक डॉकच्या सरकारी गोदीत, १९०७ साली पाण्यात सोडलेली. जटलंडच्या लढाईत ती रिअर अॅडमिरल सर रॉबर्ट आर्बथनॉट यांची निशाणाची नौका होती. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास ती जर्मन मोठ्या नौकांच्या तोफांच्या टप्प्यात शिरली, दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागली आणि काही क्षणांत सगळं संपलं. सुमारे नऊशे माणसं होती. एकही वाचला नाही. त्या एका लढाईत ब्रिटिशांचे सहा हजारांहून जास्त लोक गेले. म्हणजे मृत्यू कसा झाला हे विचारायला साक्षीदार नाही, प्रेत नाही, कबर नाही. उरतं फक्त 'तो कुठला' हे.

आणि इथे कारकुनानं आपल्याला फसवलंय. ल्लान म्हणजे चर्चचं आवार. विहांगेल म्हणजे मिहांगेल, सेंट मायकेल. वेल्श भाषेत शब्दाचं पहिलं अक्षर आधीच्या शब्दामुळे बदलतं, तसा इथे 'म'चा 'व' झाला. थोडक्यात, सेंट मायकेलचं चर्च. अशी चर्चेस वेल्सभर पसरलीत. एकट्या कार्डिगनशायरमध्ये ल्लानविहांगेल-अ-क्रेय्द्दिन आहे, ल्लानविहांगेल गेनाइर ग्लिन आहे, ल्लानविहांगेल इस्त्राद आहे, ल्लानविहांगेल ल्लेद्रोद आहे. स्थानिक माणसाला पुढचा शब्द महत्त्वाचा. डेव्हनपोर्टच्या इंग्रज कारकुनाला तो बोजड वाटला आणि त्यानं सोडून दिला. शिवाय 'कार्डिगन' म्हणजे शहर की जिल्हा, हेही स्पष्ट नाही.

तेव्हा १९०१ च्या गणनेत जायचं आणि या चारही पॅरिशमधले सात-आठ वर्षांचे सगळे जॉन इव्हान्स काढायचे. समजा पाच निघाले. पाच शेतं, पाच आया. आता इथे जी चूक होते ती सांगण्यासाठीच खरं तर आम्ही हा विषय घेतला. इंटरनेटवरच्या वंशावळींमध्ये लोक पाचातला पहिला उचलतात, जो आपल्या झाडाला जुळतो तो. दुसरा कोणी ते पाहून उतरवून घेतो, तिसरा त्याच्यावरून. दोन वर्षांत तो 'जटलंडला बुडालेला आमचा पणजोबांचा भाऊ' होतो. प्रत्यक्षात पणजोबांचा भाऊ लिव्हरपूलच्या गोदीत काम करून म्हातारपणी मेलेला असतो. एका घरावर नसलेलं मरण लादलं जातं, आणि ज्या घरानं खरोखर मुलगा गमावला त्या घरात तो परत येतच नाही. कागदोपत्री चूक म्हणून सोडून देण्याइतकी ही गोष्ट लहान नाही, असं आमचं मत आहे.

मग पाचातला कोणता? दोन्ही बाजूंनी काम करावं लागतं. एकीकडे खोडत जायचं: १९२१ च्या गणनेत कोण जिवंत दिसतो, १९१६ नंतर कोणाचं लग्न नोंदलंय. मात्र १९२१ मध्ये एखादा सापडला नाही, एवढ्यावरून तोच मेला असं धरू नका. तो कॅनडाला गेला असेल. दुसरीकडे पुरावा गोळा करायचा. आरमारानं युद्धातल्या मृतांची एक वेगळी यादी ठेवली, त्यात जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता आहे. नोंदवहीनं तोडलेला धागा इथे परत जुळतो, कारण पत्त्यात बहुधा शेताचं नाव असतं. कधी इतकं विचित्र लिहिलेलं, की मोठ्यानं वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून मोठ्यानं वाचा. पदकांच्या यादीत पदक कोणाला पाठवलं ते आहे: बाप, आई की विधवा. 'आईला पाठवलं' असं असेल तर बाप आधी गेला असण्याची शक्यता बघा, आणि पाच घरांतल्या कुठल्या घरी १९११ मध्ये विधवा कुटुंबप्रमुख आहे ते तपासा.

युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीतही कधी 'अमुक यांचा मुलगा, तमुक शेत' असं असतं. ही माहिती नातेवाइकांनी फॉर्म भरून पाठवली तरच आली. कितीतरी नावांपुढे जागा कोरी आहे. १९११ साली वेल्समध्ये सुमारे ९ लाख ७७ हजार लोक, म्हणजे ४३.५ टक्के, वेल्श बोलत होते आणि त्यातल्या बऱ्याच जणांना इंग्रजी येतच नव्हतं. अशा घरात लंडनहून इंग्रजी पत्र आलं की ते वाचून दाखवायला शेजारचा शाळकरी मुलगा किंवा चॅपेलचा पाद्री लागायचा. मुलगा गेल्याची बातमीसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून, भाषांतरित होऊनच आईच्या कानावर जायची.

चॅपेलचा उल्लेख झालाच आहे, तर सांगतो. बहुतेक शेतकरी सरकारी चर्चचे नव्हते, मेथडिस्ट किंवा तत्सम स्वतंत्र पंथांचे होते. या चॅपेलांचे छापील वार्षिक अहवाल असत आणि त्यात कोणी किती वर्गणी दिली याची यादी, शेताच्या नावांसकट. सैन्यात गेलेल्या मुलांची नावंही युद्धकाळातल्या अहवालांत मिळतात. वेल्श वर्तमानपत्रं १९१९ पर्यंतची राष्ट्रीय ग्रंथालयानं मोफत ठेवली आहेत, अकरा लाखांहून जास्त पानं. तिथे मुलाच्या नावानं शोधाल तर हजारो इव्हान्स येतील. शेताचं नाव घाला, शिवाय जहाजाचं.

अजून एक साधन फक्त कार्डिगनशायरपुरतं आहे. १९१६ मध्ये सक्तीची भरती आली तेव्हा सवलत मागणाऱ्यांचे अर्ज ऐकायला लवादं नेमली. १९२१ साली त्यांची कागदपत्रं नष्ट करायचा हुकूम निघाला आणि जवळजवळ सगळीकडे पाळला गेला. कार्डिगनशायरच्या अपील लवादाचे कागद मात्र वाचले. शेत चालवायला कोण उरलंय, बाकीचे मुलगे कुठे आहेत, हे बापाला तिथे सांगावं लागे. धाकट्याला ठेवून घ्यायला आलेला बाप थोरला समुद्रात गेल्याचं सांगतो, अशी एक ओळ मिळाली तर पाचाचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो.

आता स्मारकाबद्दल. ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही त्यांच्यासाठी चॅटम, पोर्ट्समथ आणि प्लिमथ या तीन बंदरांत एकसारखे उंच स्तंभ आहेत, रॉबर्ट लोरिमर यांनी आराखडा केलेले. ते येणाऱ्या जहाजांना दिशेची खूण म्हणून उपयोगी पडावेत अशी मूळ कल्पना होती. डिफेन्सचं मूळ बंदर डेव्हनपोर्ट, म्हणून तिच्या लोकांची नावं प्लिमथला. नावं वर्षवार आणि हुद्द्यानुसार. शेत नाही, आईबाप नाहीत. असंच एक स्मारक आपल्या मुंबईत मशीद बंदर भागात, इंडियन सेलर्स होममध्ये आहे. पहिल्या महायुद्धात गेलेले अविभाजित हिंदुस्थानातले दोन हजारांहून जास्त खलाशी तिथे नोंदले आहेत, त्यांनाही समुद्राशिवाय कबर नाही. त्या नावांची घरं शोधणं हे याहून अवघड काम आहे आणि ते आपल्यापैकी कोणीतरी करायला हवं.

प्रश्नोत्तरांत एक चांगला प्रश्न आला, तो इथे घेतो. एकांनी विचारलं, की प्रेतच मिळालं नाही तर खेड्यातल्या स्मशानात मुलाची काही खूण असेलच कशाला? असते. पण ती त्याच्या नावाखाली शोधू नका आणि १९१६ च्या दगडांतही शोधू नका. साध्या शेतकऱ्याला नुसत्या आठवणीसाठी दगड परवडत नसे. आईबाप वारले की त्यांचा दगड उभा राही, त्यावर आधी 'एर कोव्ह अम्', म्हणजे 'यांच्या स्मरणार्थ', मग बाप, शेताचं नाव, मग आई. आणि तळाशी जागा उरली असेल तर 'हेव्हिद', म्हणजे 'तसेच', आणि मुलगा, जहाजाच्या नावासकट. म्हणून आईबापांच्या मृत्यूची साल काढा, ती १९३० किंवा १९४० च्या दशकातली असू शकते, आणि तिथल्या संशोधक मंडळांनी छापलेल्या थडग्यांच्या याद्या त्या सालाखाली बघा. दगड अर्धा गवतात असतो, खालची ओळ उतरवून घेणाऱ्याकडून सुटलेली असू शकते. कोणी ओळखीचं तिकडे जाणार असेल, तर गवत बाजूला करून फोटो काढायला सांगा.